एअर फिल्टरला बांधलेला दादरा

मी एकदा गाडीच्या एअर फिल्टरला दादरा बांधला होता.

लिहून टाकलं एकदाचं. दादरा म्हणजे लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधतात ते फडकं; ज्यांच्याकडे लोणचं थेट दुकानातून बाटलीत येतं त्यांच्यासाठी सांगितलं. ते मी गाडीला बांधलं. बाहेरून शोभेला नव्हे, आत, इंजिन जिथून हवा घेतं तिथे. आणि स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश झाले की त्या दुपारी आमरसाची एक वाटी जास्त खाल्ली.

तेव्हा मला एकसष्टावं लागलं होतं. आज बाहत्तरीत बसून त्या बाईकडे पाहते तेव्हा वाटतं, एवढी थोरली बाई, दोन मुलं वाढवलेली, शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली, हिला कुणी हात धरून घरात का नाही बसवलं? पण तिचीही बाजू आहे. माझ्याशिवाय तिला दुसरा वकील मिळणार नाही, म्हणून मीच मांडते.

आमच्या घरात फडक्याशिवाय काही उघडं नसायचं. माझी एक पांढरी मलमलची साडी होती, पिवळ्या ठिपक्यांची. ती विरली तेव्हा मी तिचे तुकडे केले. एक तुकडा स्वयंपाकघरातल्या नळाला, पाणी गाळायला. एक बरणीला. एक चक्का टांगायला. नळाच्या फडक्यात आठवड्याभरात जो गाळ जमायचा, तो मी यांना धरून दाखवायची. "बघा, हे पोटात गेलं असतं तुमच्या." हे म्हणजे माझे यजमान. ते चहा पीत म्हणायचे, "एवढी वर्षं गेलंच असेल की."

गाडी ही यांची निवृत्तीनंतरची हौस. एका कंपनीत तीस वर्षं स्टोअर सांभाळल्यावर यांनी स्वतःसाठी घेतलेली पहिली मोठी वस्तू. उंच, डिझेलवर चालणारी, आठ माणसांची. घरात माणसं दोनच, आणि त्यातली एक मी, जिला त्या गाडीत चढायला एक हात वरच्या दांडीला आणि एक यांच्या खांद्याला लागायचा. पण आमची सोसायटी मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी, चांगल्या चढावर. रिक्षावाले चढ दिसला की खालीच मान हलवतात. त्यामुळे इमारतीत कुणाचा गुडघा दुखला, कुणाला डॉक्टरकडे जायचं असलं, की आमची बेल वाजायची. गुरुवारी सकाळी चेंबूर ठरलेलं. तिथे माझ्या थोरल्या वन्सं राहतात, त्यांना व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं. हे नवा सदरा घालून किल्ली बोटात फिरवत निघायचे. कंपनीने घड्याळ देऊन घरी पाठवलेला माणूस, पण गुरुवारी बघावं तर ड्यूटीवर.

या गाडीचा एअर फिल्टर आम्ही घरीच बदलायचो. घरी म्हणजे खाली पार्किंगमध्ये. यांची कंबर वाकत नाही म्हणून वाकायचं काम माझ्याकडे, आणि हे गाडीबरोबर आलेलं पुस्तक हातात धरून पोथी वाचल्यासारखं वाचणार. मी स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल खाली न्यायची, त्यावर उभी राहायची, तेव्हा कुठे माझी नजर बॉनेटच्या आत पोचायची.

"उजव्या हाताला काळा डबा दिसतो?"

"दिसतो."

"त्याला चार क्लिपा आहेत. त्या अंगठ्याने वर उचलायच्या."

"तीन आहेत."

"पुस्तकात चार आहेत."

"मग पुस्तकातली तुम्ही उघडा. इथे तीन आहेत."

चौथी मागच्या बाजूला असायची, डोळ्यांना न दिसणारी, नुसती बोटांनी चाचपून काढायची. ती निघाली की झाकण वर येतं आणि आत फिल्टर दिसतो. चौकोनी, रबरी कडेचा, आणि आत कागदाच्या निऱ्या. चापूनचोपून काढलेल्या, एकीला एक चिकटून. शिवणाच्या बाईला आवडावी अशीच वस्तू. जुना उचलायचा, डबा कोरड्या फडक्याने पुसायचा, नवा नीट बसवायचा, झाकण, चार क्लिपा. संपलं. माझं काम पाच मिनिटांचं, यांचं वाचन वीस मिनिटांचं.

पण जुना फिल्टर बाहेर निघाला की माझा जीव हळहळायचा. आमच्यासमोर टॉवर उठत होता, पलीकडे मेट्रोचे खांब. कांजूरच्या कचऱ्याच्या डोंगराकडून वारा आला की वासासाठी खिडक्या लावायच्या, बाकीचे दिवस सिमेंटसाठी. वर्षभरात त्या पांढऱ्या निऱ्या चुलीमागच्या भिंतीसारख्या व्हायच्या. आणि मी बॉनेटवर वाकून विचार करायची, एवढं नळाला आपण फडकं बांधतो, मग याला का नाही?

हा विचार डोक्यात येऊन विरला असता तर मी शहाणी ठरले असते. मी जुन्या फिल्टरचं माप घेतलं. मलमलचा चारपदरी तुकडा बेतला, कडेला दुहेरी टीप मारली आणि आत इलॅस्टिक ओवलं. शाळेत मुलींना टोपी शिवायला शिकवायची, तसाच. मे महिन्यात नवा फिल्टर बसवायची वेळ आली, यांनी पुस्तकाचं पान शोधायला चष्मा पुसायला घेतला, तेवढ्यात मी कमरेला खोचलेला तो दादरा काढून फिल्टरच्या खालच्या अंगाला चढवला. हवा खालून येते हे मला ठाऊक होतं. एवढं डोकं होतं. झाकण बसताना जरा कुरकुरलं. कुकरला दाबतात तसं मी दोन्ही हातांनी दाबलं.

"बसलं का?" यांनी विचारलं.

"झकास," मी म्हटलं.

यांना सांगितलं नाही, कारण वर्षाने फिल्टर काढून, पांढराशुभ्र, यांच्या नाकासमोर धरायचा होता. इंजिनाला आपल्यासारखा श्वास लागतो हे काही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. माझ्या मते ते डिझेल पीत होतं, बस. हवा आपली जाता जाता.

पाऊस झाला. दादऱ्याने आधी ओल धरली, मग धूळ, मग पुन्हा ओल. हे मी आता सांगते. तेव्हा तो दादरा मी पार विसरून गेले होते.

त्याच सुमारास यांच्या साखरेच्या तपासणीत डॉक्टरांनी पायाच्या बोटांना तो झणझण वाजणारा चिमटा लावून पाहिला. म्हणाले, "संवेदना किंचित कमी आहे. गाडी चालवायला काही हरकत नाही, पण पायांकडे लक्ष ठेवा." यांनी यातलं पहिलं वाक्य घरी आणलं आणि शेवटचं. मधलं दवाखान्यात राहिलं.

गणपती होऊन गेले तेव्हा गाडी चढावर दमायला लागली. आधी तिसऱ्या गिअरमध्ये यायची ती दुसऱ्यात, मग पहिल्यात. मागे काळा धूर दिसायचा, तो मी मागच्या टेम्पोच्या नावावर टाकला. हे चढाच्या पायथ्याशी ओठ घट्ट मिटायचे. एकदा मध्येच गाडी अडली, मागून हॉर्न सुरू झाले, आणि हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू उतर. चालत ये वर."

मी म्हटलं, "गॅरेजवाल्याला दाखवा ना."

"गाडीला काय झालंय? गाडी धडधाकट आहे." मग जरा थांबून, "पाय दाबला तर जाईल ना ती! मला वाटतं मी दाबतोय, आणि पाय दाबतच नाही."

त्यानंतर मी यांना पलंगाच्या कडेवर बसलेलं बघायला लागले. एक पाय मांडीवर घेऊन बोट न् बोट दाबून पाहायचं. दाराबाहेरच्या काथ्याच्या पायपुसण्यावर अनवाणी उभं राहायचं, टोचतंय का ते बघायला. मी विचारलं तर म्हणायचे, "मोजतोय. दहा आहेत." कुणाची बेल वाजली तर आता "कंबर धरलीय" सांगायचे. एका गुरुवारी वन्संना फोन करून म्हणाले, "ताई, रिक्षा करून जा आजपासून." फोन ठेवला आणि घातलेला सदरा काढून घडी करून कपाटात ठेवला. ते मला बघवेना.

मलाही वाटलं, पायच असेल. डॉक्टर खोटं कशाला सांगतील?

दसऱ्याला यांनी गाडी धुतली, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि हाराची गाठ मारता मारता म्हणाले, "पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या हातचा." बोरिवलीचे एक गृहस्थ रविवारी गाडी बघायला येणार होते. आवडली तर लगेच घेऊन जाणार. मुलाचा बंगलोरहून फोन आला, "बरोबर केलंत बाबा." मुलगी म्हणाली, "सुटलात." हे दोघांनाही "हो, हो" म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, म्हणजे बाहेर काही ऐकू जाऊ नये.

तर नळाला पाणी नाही. म्हणजे होतं, पण करंगळीएवढं.

ही शनिवारची सकाळ. मी वरच्या मजल्यावरच्या बाईंना हाक मारली, "अहो, पाणी येतंय का तुमच्याकडे?" त्या म्हणाल्या, "धो धो!" मी परत येऊन नळाकडे पाहिलं. या सगळ्या गडबडीत त्याचं फडकं तीन आठवडे बदललं नव्हतं. मातकट, बुळबुळीत झालं होतं. मी ते ओढून काढलं आणि पाणी असं उसळलं की माझा पदर भिजला.

मी तशीच उभी. हातात पिवळ्या ठिपक्यांचं घाणेरडं फडकं. आणि मग मला आठवलं, याची एक बहीण कुठे आहे ते.

वाट लागली, असं मी मोठ्याने म्हटलं. शिवणाच्या बाईने म्हणू नये, पण म्हटलं.

हे वाचनालयात गेले होते. तास-दीड तासाची सोय. यांचा स्टोअरमधला नियम, प्रत्येक वस्तू दोन; एक वापरात, एक कपाटात. त्यामुळे चपलांच्या कपाटाच्या वरच्या खणात नवा फिल्टर खोक्यात होताच. तो काखेत, स्टूल हातात, किल्ली तोंडात अशी मी खाली गेले. चाकांपाशी दसऱ्याची लिंबं अजून चिरडलेली पडली होती.

वॉचमन आलाच. "आजी, साहेब कुठाय?"

"वर आहेत. मी गाडीची दृष्ट काढतेय. तू जा तिकडे, तुझ्यासमोर निघत नाही ती."

तो बिचारा खरंच गेटापलीकडे जाऊन उभा राहिला.

पुस्तक वाचायला कुणी नव्हतं, पण पोथी पाठ झाली होती. बॉनेटची दांडी लावली. उजव्या हाताला काळा डबा. समोरच्या तीन क्लिपा अंगठ्याने. चौथी चाचपून. झाकण उचललं आणि मी डोळे मिटून घेतले, इतकी लाज वाटली. माझा दादरा आता कापड राहिलाच नव्हता. काळा, जाड, नमद्यासारखा झाला होता आणि फिल्टरला असा चिकटला होता की इंजिनाने आतून ओढूनच धरला असावा. कागदाच्या निऱ्या मध्यभागी वर खेचल्या गेल्या होत्या. पाच महिने या गाडीच्या नाकातोंडावर मी उशी दाबून धरली होती, आणि शिक्षा भोगत होती यांच्या पायांची बोटं.

दोन्ही ओढून काढलं. डबा पुसला. नवा फिल्टर ठेवला. क्लिपा लावायला गेले तर चौथी बसेना. स्टुलावर टाचा उंचावल्या, पोटावर आडवी झाले, अर्धी बॉनेटमध्ये गेले, तरी बसेना. घड्याळात पाहिलं, पाऊण तास गेला होता. कपाळावरचा घाम पुसला तो काजळीसकट. मग सुचलं की घाईत फिल्टरच उलटा ठेवलाय. काढला, सुलटा केला. खट्. त्या आवाजासारखा गोड आवाज मी पुन्हा ऐकलेला नाही.

आता खरी अडचण. गाडी बरी झाली की नाही, हे चढावरच कळणार, आणि चालवणार हे. मला काही चालवता येत नाही. आणि यांना सांगायचं कसं? सांगितलं आणि गाडी तरीही चढली नाही तर? मग पाय तो पायच, वर ही बाई. तेव्हा त्या बाईने, म्हणजे मी, ठरवलं की आधी चढ, मग कबुली. तोंड धुतलं आणि यांची वाट बघत बसले.

हे आले तसं म्हटलं, "उद्या गाडी जाणार. आज एकदा मला बाजारात न्या. शेवटचं."

"रिक्षाने जा की."

"रिक्षा आपल्याला रोज आहेच उद्यापासून."

यांनी किल्ली घेतली. बोटात फिरवली नाही, मुठीत धरली. उतारावर काही कळण्यासारखं नव्हतं. बाजारात मी पाच नारळ घेतले, भोपळा घेतला, काय घेतलं कशाला घेतलं मला ठाऊक नाही. परतताना चढाच्या पायथ्याशी यांनी गाडी बाजूला घेतली.

"उतर."

"नाही."

"अगं, मध्ये अडली तर मागची माणसं शिव्या देतात. तुझ्यासमोर नको."

"द्यायच्या त्यांनी. मी कान बंद करते."

यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. पहिला गिअर टाकला आणि गेल्या महिनाभराच्या सवयीने पाय पार खाली दाबला.

गाडी उधळली! नारळ मागे धाडधाड आपटले, भोपळा सीटखाली गेला, मी दांडी धरली. यांनी दचकून पाय उचलला, पुन्हा हळूच ठेवला. दुसरा गिअर. गाडी चढतेय. तिसरा. मी यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलंच. ओठ मिटलेले होते, हनुवटी मात्र हलत होती. गेटावर वॉचमन ओरडला, "दृष्ट निघाली, आजी!" यांनी ते ऐकलं नाही, देवाची कृपा.

पार्किंगमध्ये गाडी बंद करून हे बसून राहिले. उजव्या पायातली चप्पल काढली. बोटं हलवली. एकदा, दोनदा.

"आज बरा आहे," म्हणाले.

आणि त्या 'आज'ने माझं सुख विरजलं. म्हणजे उद्या नसेल, असं यांच्या मनात होतंच. रविवारचे गृहस्थ येणारच होते. एका चांगल्या दिवसावर हा माणूस गाडी ठेवणार नव्हता. सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. मी म्हटलं, "वर चला, चहा टाकते, मग एक सांगायचंय."

"तू हो पुढे. मी नारळ घेऊन येतो."

मी चहा टाकला, आलं किसलं, वाक्य जुळवलं. 'अहो, रागावू नका' असं सुरू करायचं की 'अहो, गंमत झाली' असं? गंमत बरी, असं ठरतंय तोवर दार वाजलं.

हे दारात उभे. एका हातात नारळांची पिशवी. दुसऱ्या हातात माझं स्वयंपाकघरातलं स्टूल, जे मी घाईत पार्किंगच्या खांबामागे त्या सगळ्या घाणीसकट विसरले होते. स्टुलावर जुना फिल्टर. आणि त्यावर तो काळा दादरा, कडेला दुहेरी टीप, आत इलॅस्टिक. सगळ्या मुलुंडात असं काम करणारी बाई एकच.

माझी गंमत आणि रागावू नका, दोन्ही राहिली बाजूला. मी म्हटलं ते एवढंच, "मे महिन्यात. मी. धूळ जाऊ नये म्हणून."

यांनी स्टूल खाली ठेवलं. दादरा उचलला, खिडकीपाशी नेला, कोपरा नखाने खरवडला. काळ्यातून एक पिवळा ठिपका वर आला. हे स्वयंपाकघरात गेले, बरणीवरचा दादरा पाहिला, परत आले. खुर्चीवर बसले. मी गॅस बंद केला. वाटलं, आता जे बोलतील ते मी ऐकून घ्यायचं, उलट एक शब्द काढायचा नाही.

यांनी दोन्ही पाय लांब केले, दहाही बोटं एकदम हलवली, आणि असा श्वास सोडला की वाटलं, पाच महिने तो दादरा यांच्याच छातीवर होता. मग माझ्याकडे बघून म्हणाले,

"हात्तिच्या! तू होतीस होय? मला वाटलं, म्हातारपण!"